शतपावलीच्या आधीचा दिवस

रात्री जेवण झाल्यावर अंगणात किंवा गच्चीवर शतपावली घालायची आणि मग अंथरुणाला पाठ टेकायची, ही मराठी घरांतली जुनी रीत. तिचा आधार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या अध्यायात सापडतो. जेवल्यावर अन्नाची सुस्ती ओसरेपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि डाव्या कुशीवर आडवे व्हावे, असे तिथे सांगितले आहे. मराठी दिनक्रमाने या एका सूचनेची दोन ठिकाणी सोय लावली. डावी कूस दुपारच्या वामकुक्षीत राहिली आणि पावले मुख्यतः रात्रीकडे आली. ग्रंथात ही पावले पचनासाठी आहेत, झोपेसाठी नव्हेत, असा आक्षेप कुणी घेतला तर तो मान्यच करावा लागेल. पण त्यांना रात्रीचे ताट आणि अंथरूण यांच्या मधली जागा दिली ती लोकव्यवहाराने, आणि ही निवड शहाणपणाची होती असे माझे मत आहे.

याहून अवघड आक्षेप आयुर्वेदाच्याच दुसऱ्या ग्रंथातून, चरकसंहितेतून, निघतो. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी तेलाचे मर्दन, स्नान, दूध, मनाला रुचणारे गंध आणि सूर असे उपाय दिले आहेत. त्यांत चालणे नाही. उलट अतिझोप घालवणाऱ्या गोष्टींच्या यादीत चिंता आणि क्रोध यांच्या जोडीने व्यायाम येतो. मग शतपावलीने झोप कशी येणार? याचे उत्तर श्रमाच्या मापात आहे. वाग्भटाने व्यायामाला अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती संपली, अशी साधी खूण सुश्रुताने दिली. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात तर तो दूरची वाटचाल आणि शरीराला न शिणवणारे फिरणे यांच्यात स्पष्ट फरक करतो. पहिलीने शरीर झिजते, दुसऱ्याने आयुष्य, बळ, बुद्धी आणि भूक वाढते. शतपावली या दुसऱ्या प्रकारातली आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा निष्कर्षही याच्याशी जुळतो: संध्याकाळच्या व्यायामाने सहसा झोप बिघडत नाही, मात्र झोपण्याआधीच्या तासाभरात दमछाक करून घेतली तर झोप लागायला उशीर होऊ शकतो.

तरीही शंभर पावले म्हणजे जेमतेम मिनिटभराचे चालणे. तेवढ्याने काय साधणार, ही शंका उरतेच. माझा मुद्दा इथेच आहे. ही रीत रुजली तेव्हा बहुतेकांचा दिवस पहाटेच्या जात्यापासून, विहिरीच्या पाण्यापासून आणि शेताच्या वाटेपासून सुरू होत असे. त्या दिवसाच्या शेवटी शंभर पावले पुरेशी होती, कारण शरीर आधीच हललेले असे. पुढे पिठाची गिरणी आली, नळ आला, बस आली, बैठे काम आले. दिवसाची हालचाल गेली आणि तिचे शेपूट तेवढे मागे राहिले. जात्याच्या कष्टांचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. बाईच्या माथी मारलेली ती मेहनत सुश्रुताच्या अर्ध्या शक्तीत बसणारी नव्हती, आणि गिरणीने ती वाचवली हे चांगलेच झाले. जे हरवले ते कष्ट नव्हेत, दिवसभर विखुरलेली हलकी हालचाल आहे. सकाळी बाहेर चालल्याने मिळणारा उजेड शरीराच्या घड्याळाला वेळ दाखवतो. रात्री मिनिटभर चालून हे काम होणार नाही.

म्हणून शतपावलीला दोष देण्यापेक्षा तिच्या आधीचा दिवस दुरुस्त केला पाहिजे. 1997 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. 50 ते 76 वयाच्या, बैठी सवय आणि झोपेची तक्रार असलेल्या 43 जणांवर तो केलेला होता. त्यांच्यातल्या एका गटाने 16 आठवडे, आठवड्यातून चार वेळा, 30 ते 40 मिनिटे झपझप चालणे किंवा सांध्यांना हिसके न देणारा हलका व्यायाम केला. त्या गटाची झोप सुधारली: डोळा लवकर लागू लागला आणि झोपेचा वेळही वाढला. प्रयोग लहान होता, आणि निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णाला तो लागू पडेल असे म्हणता येणार नाही. घोरताना श्वास अडकत असेल किंवा महिनोन्‌महिने झोप उडाली असेल तर डॉक्टरच गाठावा. बाकीच्यांनी रात्रीची शंभर पावले जरूर चालावीत, पण त्याआधी दिवसाउजेडी अर्धा तास चालून घ्यावे.