वस्तरा आणि त्याचा पट्टा: धार राखण्याचा अडीचशे वर्षांचा इतिहास

 

आजचा विषय आहे उघड्या पात्याचा वस्तरा आणि त्याच्या जोडीचा चामड्याचा पट्टा. इंग्रजीत त्याला स्ट्रॉप म्हणतात, हिंदीत चमोटा. काही तरुण मंडळी आता पुन्हा वस्तऱ्याकडे वळताना दिसतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, वस्तरा कोणता घ्यावा? माझं उत्तरही ठरलेलं आहे, आधी पट्ट्याचं बघा. असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. वस्तऱ्याचा इतिहास मी एकाच प्रश्नाच्या आधाराने सांगणार आहे. धार रोज राखायची कोणी?

स्वतःची दाढी स्वतः

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. धार राखायची न्हाव्याने. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, धारेचा दगड आणि चामडं असायचंच. युरोपातही हे काम त्याचंच होतं.

बदल झाला अठराव्या शतकात. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकजीव पोलाद हवं होतं, पण फायदा झाला तो वस्तऱ्याचाही. पोलाद जितकं एकसारखं, तितकी धार बारीक काढता येते. पुढे १७६९ मध्ये पॅरिसमधला पाती बनवणारा कारागीर जाँ-जाक पेरे याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, यावर पुस्तकच लिहिलं. सुताराच्या रंध्यावरून सुचलेला, कातडीला जपणारा एक वस्तराही त्याने काढला होता.

दाढी घरी आली तशी धार राखण्याची जबाबदारीही घरी आली. तो धंदा लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने बरोबर ओळखला. १७९० च्या दशकात त्याने वर्तमानपत्रांत वस्तऱ्याच्या नव्हे, तर पट्ट्याच्या जाहिराती दिल्या. कविता, कोडी, संवाद, काय वाटेल ते! १७९६ मध्ये त्याने त्या जाहिरातींचं पुस्तकही छापलं. जाहिरातीच्या इतिहासाचे अभ्यासक आजही त्याचं नाव घेतात.

मुंबईहून गेलेलं पोलाद

आता आपल्या घरची गोष्ट. त्याच दशकात मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा डॉक्टर होता. १७९४ मध्ये त्याने इथलं काही पोलाद लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवलं. त्याला नाव होतं वूट्झ. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला आणि शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होतं असं लिहून टाकलं. मुंबई हे पाठवण्याचं ठिकाण होतं. या पोलादाच्या भट्ट्यांची मोठी परंपरा होती तेलंगणात, म्हैसूरच्या मुलखात आणि तमिळ प्रदेशात. कन्नडमध्ये पोलादाला उक्कू म्हणतात, त्याचंच वूट्झ झालं असं मानतात.

बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्या पोलादाचा चाकू घडवला. तो इतका खूश झाला की पुढे त्याने आपल्या व्यवसायाच्या कार्डावरच छापलं, आमचे वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं भारतातल्या वूट्झची आहेत, आणि अनेक वर्षं तुलना केल्यावर युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा हेच आम्हाला पसंत आहे.

याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडेने काम केलं. विजेचा शास्त्रज्ञ म्हणून आपण ओळखतो तोच फॅरेडे, एका लोहाराचा मुलगा. वूट्झसारखं पोलाद तयार करता येईल का, हे शोधताना दोघांनी पोलादात चांदी, ऱ्होडियम, प्लॅटिनम मिसळून पाहिलं. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी, हे त्यातलं एक प्रमाण. अशा पोलादाचे वस्तरे फॅरेडेने मित्रांना भेटही दिले. जुन्या शेफील्ड वस्तऱ्यावर ‘सिल्व्हर स्टील’ असा शिक्का दिसला, तर त्या नावाची मुळं या प्रयोगांत आहेत.

फॅरेडेचा वूट्झबद्दलचा निष्कर्ष मात्र चुकला. त्याला वाटलं गुण ॲल्युमिनियमचा आहे. खरं गमक होतं भरपूर कार्बन, आणि ते पोलाद सावकाश थंड करून बेताच्या आचेवर ठोकण्याचं कसब. ते कसब भट्टीवाल्यांच्या हातात होतं, लिहिलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात त्या भट्ट्या विझत गेल्या आणि हातातलं ज्ञान हातांबरोबर गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

लष्कराने घडवलेला बदल

१८८० मध्ये अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी सेफ्टी रेझर काढला, पण त्याचंही पातं पट्ट्यावर परजावंच लागे. खरी कलाटणी दिली किंग जिलेटने. पातं इतकं पातळ आणि स्वस्त करायचं की धार गेली की फेकून द्यायचं. १९०३ मध्ये विक्री झाली फक्त ५१ रेझरची. पेटंट मिळालं १९०४ मध्ये.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१६ पर्यंत ब्रिटिश सैन्याच्या नियमांनुसार हनुवटी तुळतुळीत हवी, पण मिशी काढायची नाही. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मिशीची सक्ती गेली. त्यात विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी आड येते. खंदकात पट्टा टांगायला जागा नाही, हात थंडीने कापतायत, उजेड अपुरा. १९१८ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख जिलेट रेझर मागवले. युद्ध संपल्यावर सैनिक ते रेझर आणि ती सवय घेऊन घरी गेले. इतक्या लोकांची सवय एकदम बदलायची तर लष्करासारखा ग्राहक नाही.

पट्टा लगेच हरला नाही. हेन्री गेझमनच्या ऑटोस्ट्रॉप रेझरमधून पट्टा ओवला की पातं न काढता धार लागे. इंग्लंडच्या रोल्स रेझरच्या डबीत एका झाकणात दगड आणि दुसऱ्यात चामडं असे. पण १९३० मध्ये ऑटोस्ट्रॉप कंपनी जिलेटमध्ये विलीन झाली आणि धार राखण्याचं काम कायमचं कारखान्याकडे गेलं.

पट्टा करतो काय आणि निवडावा कसा

धार काढतो तो दगड. ते काम काही महिन्यांतून एकदा. रोज लागतो तो पट्टा. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण, तरी केस धारेला इजा करतो. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढीच्या केसाने पात्याचे बारीक टवके उडताना दाखवले. पट्टा मोठा टवका भरून काढत नाही. तो धारेची बारीक कड सरळ आणि गुळगुळीत ठेवतो, त्यामुळे दगडाची पाळी लवकर येत नाही.

आता निवड. टांगता पट्टा घ्या, ज्यात एक पदर जाड कापडाचा आणि एक चामड्याचा असतो. रुंदी तीन इंच, कारण वस्तऱ्याचं पातं साधारण तेवढंच लांब असतं आणि ते सरळ ओढता येतं. अरुंद पट्ट्यावर तिरकं ओढावं लागतं, ते नवख्याला जमत नाही. चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं, गुळगुळीत, एकसारख्या जाडीचं असावं. घोड्याच्या कातड्याचा महागडा पट्टा पहिल्यांदा नको. पहिल्या पट्ट्याला तुम्ही काप पाडणारच, म्हणून तो साधाच असू द्या. रोजच्या चामड्यावर धारेची पेस्ट लावू नका.

वस्तरा पाठीकडून ओढायचा, धार नेहमी मागे. टोकाला पोहोचलात की पाठीवरच उलटवा, धारेवर नव्हे. काप पडतात ते इथेच. पट्टा ताणलेला हवा. तो झोळीसारखा लोंबला की धार गोल होते. जोर लावायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. कापडावर वीस-पंचवीस फेऱ्या, चामड्यावर पन्नासेक. पहिला आठवडा बोथट वस्तऱ्यावर नुसती ही कवायत करा.

वस्तरा घेताना टोक गोल असलेला, मध्यम रुंदीचा घ्या. जुन्या बाजारातून घेत असाल तर धारेजवळ गंजाचे खड्डे आणि तडे तपासा. नवा असला तरी धार लावलेली आहे ना, हे विचारून घ्या. पात्यावर ‘सोलिंगेन’ असेल तर ते जर्मनीतलं गाव, ज्याचं नाव १९३८ पासून कायद्याने राखीव आहे.

दाढी गरम पाण्याने चांगली भिजवा, कातडी ताणून धरा, वस्तरा साधारण तीस अंशांत ठेवा आणि केसांच्या दिशेनेच चालवा. पहिले काही दिवस फक्त गाल, हनुवटी आणि गळा नंतर. वस्तरा दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. रक्तातून पसरणारे आजार हे त्याचं कारण आहे. काम झालं की पातं कोरडं पुसून तेलाचा थेंब लावा. पट्टा न्हाणीघरात टांगू नका. कोकणात, केरळात, बंगालात पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. फेकायच्या पात्याने दाढी उत्तम होते, त्यात काही कमीपणा नाही. पण वूट्झच्या भट्ट्यांचं काय झालं ते आठवा. पोलादाचे तुकडे लंडनला पोहोचले, तपासले गेले, छापून आले, आणि तरी कसब वाचलं नाही, कारण करणारे हात थांबले. वस्तरा परजणारे जुने न्हावी अजून कुठे कुठे आहेत. तुमच्या गावात असा एखादा असेल तर पट्टा विकत घेण्याआधी त्याच्याकडे अर्धा तास बसा आणि त्याचं मनगट कसं वळतं ते बघा. जमलं तर त्याची परवानगी घेऊन मोबाइलवर टिपून ठेवा.