दमेकऱ्यांसाठी व्यायामाचा आधार

नेकनूर (जि. बीड) : मळणीच्या दिवसांत शिवारात भुसकट उडू लागले, की दमेकऱ्याने दारे लावून घरात बसावे हे योग्यच. मात्र वर्षभर बसूनच राहण्याचा परिपाठ घातक ठरतो. गावात आणि शहरातही तो सारखाच आढळतो. हालचालीअभावी स्नायू दुबळे होतात, मग दोन जिने चढतानाही धाप लागते आणि तिचा दोष सर्वस्वी दम्याला दिला जातो.

कॉक्रेनच्या २०१३ मधील आढाव्यात २१ चाचण्यांतील ७७२ रुग्ण होते. नियमित व्यायामाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली, फुफ्फुसांची मोजमापे मात्र फारशी बदलली नाहीत. दिल्लीच्या 'एम्स'मधील ५७ प्रौढांच्या अभ्यासात (२००९) आठ आठवड्यांच्या योगाधारित दिनचर्येनंतर श्वसनाची मोजमापेही सुधारली. व्यायाम हा पूरक उपचार आहे. पंपाची जागा तो घेत नाही. 'पंपाची सवय लागते' या भीतीपोटी औषध सोडून प्राणायामावर विसंबणे धोक्याचे आहे.

थंड, कोरड्या हवेत जलद श्वास घेतल्याने श्वासनलिकांतील ओलावा उडून त्या आकुंचन पावतात. त्यामुळे हिवाळ्यात भल्या पहाटेऐवजी ऊन पडल्यावर चालावे, नाकावर रुमाल धरावा. आधी दहा-पंधरा मिनिटे संथ हालचाली कराव्यात, हळूहळू वेग वाढवावा. व्यायामापूर्वी पंप घ्यावा की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. तो खिशात मात्र असावाच. छाती आवळल्यास किंवा घरघर सुरू झाल्यास थांबून ताठ बसावे व पंप घ्यावा. आराम न पडल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.