मतदारसंघ एक, राज्ये तीन : कै. वसंतराव नाईक यांची निवडणुकीतील वाटचाल

कै. वसंतराव फुलसिंग नाईक यांची तसबीर नाही असे घर आमच्या समाजात विरळा. ते अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे तांड्यावरचे लहान मूलही सांगते. परंतु ते प्रथम कोणत्या विधानसभेत निवडून गेले, ती विधानसभा कोणत्या राज्याची होती, आणि त्यांना मते देणारे लोक कोण होते, असे विचारले तर पुष्कळदा जाणतेही अडखळतात. मुख्यमंत्रीपदाच्या तेजात आमदारकीचा इतिहास झाकून गेला आहे. तो येथे क्रमाने मांडावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख योजिला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचे गाव आहे. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग नाईक यांनी आपला तांडा येथे स्थिर केला. पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलूख पालथा घालणाऱ्या आमच्या पूर्वजांची लदेणी आगगाडीने आणि पक्क्या सडकांनी मोडली. ज्या नायकांना काळाची पावले ओळखता आली, त्यांनी नांगर धरला. चतुरसिंग त्यांपैकी एक होत. त्यांचे पुत्र फुलसिंग नाईक व स्नुषा हुनाबाई यांच्या पोटी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव राठोड. 'नाईक' हे तांड्याच्या नायकीवरून रूढ झाले.

शाळेसाठी या मुलास गावोगाव पायपीट करावी लागली. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी अमरावती व नागपूर, नंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९३८ साली बी. ए. आणि १९४० साली एल्एल. बी. असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. ज्या काळी तांड्यावर पत्र आले तर ते वाचून घेण्यासाठी दुसऱ्या गावी जावे लागे, त्या काळी हे घडले. वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली घेतले व मग ते पुसदला आले. १९४१ साली नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वर बंजारा आणि वधू ब्राह्मण. दोन्हीकडून विरोध झाला, आणि दोघांनी तो सोसला. आमच्या काही वडीलधाऱ्यांनी त्या वेळी फार कडक शब्द वापरले होते. त्याच पिढीने पुढे वत्सलाबाईंना मानाने आपल्यांत घेतले, हेही नमूद करणे न्यायाचे आहे.

सार्वजनिक कार्याचा आरंभ विधानसभेपासून झाला नाही. १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. शहरातील बाजारपेठ व्यापाऱ्यांची, वस्ती नाना जातिधर्मांची. तांडे शहराबाहेर दूर. अशा नगरपालिकेचे अध्यक्षपद तांड्याच्या मतांवर मिळण्यासारखे नव्हते. नळ, रस्ते, दिवाबत्ती, करवसुली ही कामे सहा वर्षे सांभाळल्यावर माणूस गावाच्या ओळखीचा होतो. वसंतराव तसे झाले, आणि मगच ते विधानसभेच्या उमेदवारीस उभे राहिले.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या अखेरीस सुरू होऊन १९५२ च्या आरंभी संपली. तेव्हा विदर्भ मध्यप्रदेश राज्यात होता व राजधानी नागपूर होती. पुसदमधून काँग्रेसचे उमेदवार म्हणून वसंतराव निवडून आले. ही जागा सर्वसाधारण होती. बंजारा म्हणून त्यांना कसलेही राखीव संरक्षण नव्हते. आता एक तारीख वाचकांनी ध्यानी ठेवावी. १८७१ साली इंग्रज सरकारने केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने देशाच्या कित्येक भागांत आमच्या बांधवांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. पुढे अनेक दुरुस्त्या होऊन राहिलेला तो कायदा केंद्र सरकारने रद्द केला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे वसंतराव आमदार म्हणून नागपूरच्या सभागृहात बसले, तेव्हा तो कायदा अद्याप पुरता गेलेला नव्हता. एकीकडे पोलिसांच्या हजेरीपटावर आमची नावे, आणि दुसरीकडे विधिमंडळाच्या हजेरीपटावर आमच्यांतील एकाचे नाव, असा तो काळ.

पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांना महसूल खात्याचे उपमंत्रिपद मिळाले. १९५३ साली दिग्रस येथे अखिल भारतीय पातळीवरचे बंजारा संमेलन भरले, त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुसदचा आमदार आता मुंबईच्या विधानसभेत बसू लागला. यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात वसंतरावांकडे प्रथम सहकार व १९५७ च्या निवडणुकीनंतर शेती हे खाते आले. १९५७ ची निवडणूक काँग्रेसला फार जड गेली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातील मोठमोठी नावे पडली. काँग्रेसची सत्ता तरली ती गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या बळावर, ३९६ पैकी २३४ जागांनी. पुसदची जागा त्या २३४ मध्ये होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्यांच्याकडे महसूल खाते आले. १९६२, १९६७ व १९७२ या पुढील तीनही निवडणुकांत पुसदने त्यांनाच पाठविले. याप्रमाणे एकाच तालुक्याने एकाच माणसास ओळीने पाच वेळा विधानसभेत पाठविले, आणि तेवढ्या काळात तो तालुका एकामागून एक तीन राज्यांत मोजला गेला.

पाच विजयांचे कारण काय? आमच्या समाजातील सभांत याचे उत्तर फार सोपे करून सांगितले जाते: तांडे एकमुखाने उभे राहिले. तांडे उभे राहिले, यात शंका नाही. नायक, कारभारी व नसाब यांची शिस्त त्या पिढीत शाबूत होती, आणि नायकाचा शब्द खाली पडत नसे. परंतु पुसद तालुक्यात कुणबी-मराठा, हटकर, आंध, दलित, मुसलमान, व्यापारी असे सर्वच राहतात. नुसत्या तांड्यांच्या मतांवर सर्वसाधारण जागा एकदा कदाचित मिळेल, पाच वेळा मिळणार नाही. नायकी वडिलांकडून मुलाकडे येते. आमदारकीसाठी मात्र दर पाच वर्षांनी परक्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते. आपले तेवढे काम करून दुसऱ्याचे अडविणारा आमदार असता, तर त्या ओसऱ्यांवर त्यांना दुसऱ्या खेपेस कोणी बसू दिले नसते. आम्हांस तर असे वाटते की, समाजाने त्यांच्यापासून घ्यावयाची गोष्ट हीच आहे, आणि तिचाच उच्चार सर्वांत कमी होतो.

त्यांच्या विधिमंडळातील कार्यापैकी एका कामावर थोडे थांबणे अवश्य आहे, कारण त्याचे फळ आज प्रत्येक गाव भोगीत आहे. महाराष्ट्र झाला तेव्हा त्याच्या तीन भागांत स्थानिक कारभाराच्या तीन तऱ्हा होत्या: पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्ड, विदर्भात जनपद सभा, मराठवाड्यात निजामी राजवटीतून आलेली निराळी व्यवस्था. त्यांची एकसूत्री मांडणी करण्यासाठी जून १९६० मध्ये सरकारने लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली व अध्यक्षपद महसूलमंत्री नाईक यांस दिले. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने विकासगटास मुख्य घटक मानले होते. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला, आणि जिल्हा परिषद बलवान असावी असे सुचविले. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवावे, आणि आमदार-खासदारांनाही तेथे सभासद करू नये, अशी तिची भूमिका होती. स्वतः आमदार असलेल्या माणसाने आमदारांसाठी हे दार बंद केले! त्यामुळे गावोगावच्या नव्या माणसांना पुढे येण्यास जागा झाली. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. आमच्या तांड्यांतील कितीतरी घराण्यांत पहिला लोकप्रतिनिधी झाला तो पंचायत समितीचा सभासद होता.

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी निधन झाले. थोडे दिवस बाळासाहेब सावंत यांनी कारभार पाहिल्यावर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. १९६७ साली २७० पैकी २०३ व १९७२ साली २२२ जागा त्यांच्या पक्षास मिळाल्या. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते पायउतार झाले. इतका दीर्घ काळ सलग मुख्यमंत्रीपद महाराष्ट्रात दुसऱ्या कोणास लाभलेले नाही. तोंडात पाईप आणि अंगात सूट असा हा मुख्यमंत्री ज्वारीच्या ताटात उभा राहून कणसांविषयी बोलू लागला की शेतकरी पाईप विसरत, असे जुने लोक सांगतात. अन्नधान्याची टंचाई असताना १९६५ साली पुण्याच्या सभेत दोन वर्षांत स्वयंपूर्णता न आल्यास आपणांस फाशी द्यावे, अशी जी प्रतिज्ञा त्यांनी केली, ती सर्वश्रुत आहे. संकरित ज्वारी त्यांनी हट्टाने शेतात नेली. त्या भाकरीस जुन्या गावरान ज्वारीची चव नव्हती, ही तक्रार खरी; पण टोपले रिकामे राहत नव्हते, हेही खरे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच कारकिर्दीत, १९६८ ते १९७२ या वर्षांत, उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठास २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, त्यांचे नाव देण्यात आले.

निसर्गाने प्रतिज्ञेची कसोटी पुन्हा घेतली. १९७२ च्या दुष्काळात १९७३ च्या मे महिन्यापर्यंत सुमारे ५० लक्ष माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत व बांध घालीत होती. त्यांत आमच्या तांड्यांतील स्त्रीपुरुष किती होते, याची वेगळी गणती झाली नाही. परंतु ज्यांच्या आजीने त्या कामावर डोक्यावर पाटी वाहिली, अशी घरे या स्मरणिकेच्या वाचकांत पुष्कळ असतील. मागेल त्यास काम देणारी रोजगार हमी योजना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघाली, आणि नाईकांच्या सरकारने ती १९७२ पासून राज्यभर नेली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला.

आता एक अवघड प्रश्न. आपल्याच माणसाच्या हाती अकरा वर्षे राज्य असताना समाजाच्या पदरात काय पडले, असे आमचे तरुण विचारतात, आणि त्यांचा सूर कधी कधी तक्रारीचा असतो. तो प्रश्न टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९६७ साली त्यांच्याच सरकारने विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी शासकीय नोकरीत ४ टक्के जागा राखून ठेवल्या. त्या वाटेने आमचे अनेक शिक्षक, फौजदार, तलाठी पुढे आले. परंतु आंध्रात लंबाडा अनुसूचित जमातींत व कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातींत गेले असता, महाराष्ट्रातील बंजारा विमुक्त जातींतच राहिला. एकच गोत्र, एकच बोली, सेवालाल महाराजांचा एकच झेंडा, आणि सरकारी कागदावर तीन राज्यांत तीन नावे. ज्यांच्या मुलीचे सासर आदिलाबादकडे आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वसंतरावांनी हा प्रश्न सोडविला नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र अशा याद्यांत फेरबदल करण्याचा अधिकार राज्याचा नसून संसदेचा आहे, हेही तक्रार करणाऱ्याने जाणावे. त्याउपर आमचे मत विचाराल, तर सर्वांचा मुख्यमंत्री म्हणून निवडलेल्या माणसाने आपल्या समाजाचे पारडे हाताने दाबले नाही, याचा आम्हांस अभिमानच वाटतो. जरी त्या अभिमानाने कोणाच्या मुलाची फी भरली जात नसली तरी.

मुख्यमंत्रीपद गेल्यावर माणूस विस्मृतीत जातो, असा अनुभव आहे. १९७७ साली त्यांनी वाशिम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक लढविली. देशात जनता पक्षाची लाट होती. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेसच्या हाती २० उरल्या. वाशिमने वसंतरावांस निवडून दिले. पोहरादेवीचा परिसर या भागातलाच. १९५२ पासूनची ही त्यांची सहावी निवडणूक, आणि सहावा विजय.

पुसदची जागा १९७८ साली त्यांचे पुतणे सुधाकरराव यांच्याकडे गेली. तेही १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री झाले. अलीकडे २०१९ व २०२४ साली तेथून इंद्रनील नाईक निवडून आले आहेत. वर आम्ही नायकी व आमदारकी यांतील भेद सांगितला. इतकी वर्षे जागा एकाच घराण्याकडे राहिली म्हणजे तो भेद पुसला गेला काय, असे कोणी विचारील. मते तर दर खेपेस मोजली गेली आहेत. पण यवतमाळ, वाशिम, नांदेड जिल्ह्यांतील इतर तांड्यांतून नव्या घराण्यांची माणसे त्या तोलाने किती उभी राहिली, याचा हिशेब समाजाने अजून मांडावयाचा आहे.

वसंतराव १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे निवर्तले. ते ज्या लोकसभेचे सभासद होते, ती त्यानंतर चारच दिवसांनी, २२ ऑगस्ट रोजी, विसर्जित झाली.