कूलर बिघडला? दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, आधी हे वाचा

उन्हाळा लागला की माळ्यावरचा कूलर खाली येतो अन् तक्रारी सुरू होतात. नेहमीच्या प्रश्नांची ही उत्तरं.

पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही?
बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. भाग छोटा अन् स्वस्त आहे. मोटर बदलायची घाई करू नका.

हवा येते, पण गार नाही?
पंप पाणी चढवतो का, ताट्या सगळीकडून भिजतात का, ते बघा. क्षाराने कडक झालेल्या ताट्या बदला. खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणाच वाढतो.

मोटर जळाली?
रिवाइंडिंग अन् नवी मोटर, दोन्हीचा भाव विचारा. पण टाकीही गंजून गळत असेल, तर जुन्यावर पैसे घालू नका.

हात लावला की झिणझिण्या येतात?
हे अंगावर काढू नका, दरवर्षी यात जीव जातात. मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल, तर तरीही करंट राहतो. आधी प्लग काढा, मगच पाणी भरा. लेकरांना हे काम सांगू नका.