पुस मॉथचा पंख

१५ ऑक्टोबर १९३२ या तारखेवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. सकाळी ६.३५ वाजता कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जे. आर. डी. टाटा निघाले, अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरले आणि दुपारी १.५० वाजता जुहूला उतरले. सोबत २५ किलो टपाल होते, ते पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. हे सर्व शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ते विमान कोणते होते, आणि त्या महिन्यात त्या विमानाविषयी जगभर कोणती चिंता होती, याकडे मात्र आपल्याकडच्या लेखकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

विमान होते डी हॅविलंड कंपनीचे पुस मॉथ. सप्टेंबर १९२९ मध्ये ते प्रथम उडाले. १२० अश्वशक्तीचे एकच पिस्टन इंजिन, वर एकच पंख, खाली पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि बंद केबिन. तोवरच्या उघड्या मॉथ विमानांत वारा तोंडावर घेत बसावे लागे. येथे टोपी-चष्म्याशिवाय, नेहमीच्या कपड्यांत बसता येई. खासगी विमान घेणाऱ्या श्रीमंतांना ते आवडले आणि विक्रमवीरांनाही. एमी जॉन्सन त्यातून केपटाऊनला गेली, जिम मॉलिसनने ऑगस्ट १९३२ मध्ये त्यातूनच एकट्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडला.

आणि हेच विमान हवेत मोडत होते.

१९३० च्या ऑक्टोबरात पश्चिम ऑस्ट्रेलियात एक गेले. ५ मे १९३१ रोजी दक्षिण आफ्रिकेत ड्रॅकन्सबर्ग पर्वतरांगेत ग्लेन किडस्टन गेला. हा माणूस साधासुधा नव्हे. १९२९ मध्ये इंग्लंडात कोसळलेल्या एका जर्मन प्रवासी विमानातून तो जिवंत बाहेर पडला होता, आणि मृत्यूच्या महिनाभर आधी साडेसहा दिवसांत इंग्लंडहून केपटाऊन गाठून आला होता. उसन्या घेतलेल्या पुस मॉथमधून डोंगरावरच्या धुळीच्या वादळात तो शिरला आणि विमानाचे हवेतच तुकडे झाले. २७ जुलै १९३२ रोजी इंग्लंडात सरे परगण्यात खासदार आल्फ्रेड बॉसम यांची पत्नी, थोरला मुलगा आणि त्यांचा पाहुणा असे तिघे मेले. १८ सप्टेंबर १९३२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या बायरन बे येथे पहिल्या महायुद्धातला नामांकित वैमानिक लेस होल्डन प्रवासी म्हणून बसला होता. तेही विमान हवेतच मोडले. होल्डनच्या मृत्यूनंतर सत्ताविसाव्या दिवशी जेआरडींचे पुस मॉथ जुहूच्या मातीला लागले.

मी ना अभियंता, ना वैमानिक. जुने अपघात-अहवाल मिळवून वाचण्याचा नाद मात्र बरीच वर्षे आहे. या नादातून एक मत पक्के होत गेले, ते असे की मोठ्या विमानाचा अपघात जगाला ऐकू जातो, पण छोट्या विमानाचा अपघात कोणी तरी बसून दुसऱ्या अपघाताशेजारी ठेवावा लागतो. त्याच्यात उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र नसते. चालवणारा मेलेला, साक्षीदार असला तर एखादा गुराखी, आणि अवशेष दूर डोंगरात. बर्ट हिंकलर हा ऑस्ट्रेलियन वैमानिक ७ जानेवारी १९३३ रोजी पुस मॉथमधूनच लंडनहून निघाला आणि नाहीसा झाला. इटलीतल्या प्रातोमान्यो डोंगरावर तो सापडला एप्रिलच्या अखेरीस, बर्फ वितळल्यावर. अशा एकेका घटनेवरून सोपा निष्कर्ष काढायचा तर कारणे हाताशी तयारच असतात. हवा वाईट होती, माणूस धाडसी होता, वेग जास्त होता. किडस्टनबाबत तर तिन्ही खरी वाटावीत अशी. पण धाडसी माणूस वादळात शिरला एवढे म्हणून थांबले, की पंख का तुटला हा प्रश्न उरतच नाही. ब्रिटनच्या वैमानिकी संशोधन समितीने हे अपघात एकत्र पाहिले, फार्नबरोच्या शाही विमान प्रतिष्ठानात कसोट्या झाल्या, तेव्हा तो प्रश्न पुन्हा उभा राहिला.

येथे जरा तांत्रिक भागात शिरावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये, कारण सगळी गोम येथेच आहे. पंख मोडतो तो दर वेळी कमजोर असतो म्हणून नव्हे. कळकाची काठी घ्या. ती मजबूत असते, सहज मोडत नाही, पण लवते. मजबुती वेगळी आणि ताठपणा वेगळा. विमानाचा पंख हवेच्या गचक्याने वर वाकतो आणि त्याच वेळी थोडा पिळवटतो. पिळवटला की वाऱ्याला सामोरा जाणारा त्याचा कोन बदलतो, त्यामुळे उचलही बदलते, आणि वाकणे वाढते. मग तो स्वतःच्या लवचिकतेने परत येतो, उलटा पिळवटतो. वाकण्याचा आणि पिळवटण्याचा ताल एका विशिष्ट वेगाला असा जुळतो की प्रत्येक हेलकाव्याला वारा थोडी शक्ती आत ओततो. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी धक्का देत राहावे तसे. काही सेकंदांत पंख उरत नाही. याला वैमानिकीत फ्लटर म्हणतात. टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या फ्रेझर आणि डंकन यांनी १९२८ मध्येच यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. जाणकार त्याला फ्लटरचे बायबल म्हणत. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. ते या विमानाच्या पंखाशी जोडून पाहायला मात्र इतकी माणसे जावी लागली.

पुस मॉथचा पंख खालून दोन तिरक्या टेकूंनी धरलेला असे. पुढचा टेकू लांब आणि सडपातळ होता. उपाय निघाला तो पाहिला की हसू येते आणि मग येत नाही. पुढच्या टेकूच्या मध्यापासून पंखाच्या मुळाशी असलेल्या मागच्या जोडापर्यंत एक छोटी काठी बसवली. एवढेच. टेकू ताठ झाला, पंखाचा ताल बदलला.

टाटांच्या टपालसेवेने पहिल्या वर्षात १,६०,००० मैल उड्डाण केले आणि १५५ प्रवासी नेले अशी नोंद आहे. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावरून दुपारी छोटे विमान कसे उसळते हे आजही वैमानिक सांगतात. त्या काळातल्या यशाचे श्रेय आपण हिकमतीला आणि वक्तशीरपणाला देतो, ते योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच की त्या श्रेयात त्या छोट्या काठीसाठीही एक ओळ हवी.

पुस मॉथ प्रकरणात दोष यंत्रात सापडला. दुसरे प्रकरण उलट दिशेचे आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेले वीस वैमानिक घेतले, त्यांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात बसवले, शिक्षक शेजारी होताच, आणि बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था केली. विसांपैकी वीस जणांचा ताबा सुटला. सर्वांत लवकर २० सेकंदांत, सर्वांत उशिरा ४८० सेकंदांत; सरासरी १७८ सेकंद. एकोणीस जण खाली खाली आवळत जाणाऱ्या गिरकीत सापडले.

कारण आपल्या कानात आहे. आतल्या कानातला द्रव वळण सुरू झाले की मागे रेंगाळतो, म्हणून वळण कळते. पण वळण एकसारखे चालू राहिले की द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो, आणि शरीर सांगते की आपण सरळ चाललो आहोत. विमान कललेले असते, नाक खाली गेलेले असते, वेग वाढत असतो. वैमानिक वेग कमी करायला काठी मागे ओढतो आणि गिरकी आणखी आवळते. या प्रयोगाचा हेतू घाबरवण्याचा नव्हता. त्याच वैमानिकांना पुढे साधी रीत शिकवली गेली. चाके खाली सोडा, वेग उतरवा, ट्रिम लावा, हात सोडा आणि फक्त पायाने रडर दाबत हळूहळू उलटे वळून आल्या दिशेला परत जा. ती त्यांना जमली.

पाच वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९५९ रोजी, आयोवा राज्यात मेसन सिटीहून मध्यरात्रीनंतर एक बोनान्झाच उडाले. आत गायक बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन होते. हलका बर्फ पडत होता, खाली अंधारी शेते. काही मैलांवर विमान मोठ्या वेगात, उजवा पंख खाली अशा अवस्थेत जमिनीवर आदळले. वैमानिक २१ वर्षांचा होता. उपकरणांवर उडण्याचे काही शिक्षण घेतलेला, पण त्या परीक्षेत नापास झालेला. अमेरिकी नागरी उड्डाण मंडळाने मुख्य दोष त्याच्या निर्णयाला दिला. एवढ्यावर अहवाल संपत नाही, म्हणून तो मला मोलाचा वाटतो. हवामान बिघडत असल्याच्या तातडीच्या सूचना निघालेल्या होत्या, त्या वैमानिकाला सांगितल्या गेल्या नाहीत. शिवाय त्या विमानातले कलदर्शक उपकरण स्पेरी कंपनीचे जुन्या धाटणीचे होते; नाक वर आहे की खाली हे ते नेहमीच्या कृत्रिम क्षितिजाच्या उलट रीतीने दाखवी. अंधारात, गोंधळलेल्या कानांनिशी, उलटे वाचायचे उपकरण.

बोनान्झाचीच आणखी एक शिकवण आहे. त्याची शेपटी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, आणि गिरकीत वेग मर्यादेपलीकडे गेला की ती तुटल्याच्या घटना अनेक वर्षे घडत राहिल्या. चूक माणसाची की शेपटीची, हा वाद चाळीस वर्षे चालला. १९८७ मध्ये अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाने शेपटी बळकट करण्याचा आदेश काढला. वैमानिकांचे शिक्षणही चालूच राहिले. आज तेथे खासगी परवान्यासाठी किमान तीन तास केवळ उपकरणांवर उडावे लागते. दोन्ही उपाय लागले, कारण दोन्ही दोष खरे होते. वाद घालणाऱ्यांना हे फार उशिरा पटले.

आपल्याकडे २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्यूरो आहे. प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांचे त्याचे अहवाल कोणालाही वाचता येतात. मी ते वाचतो तेव्हा निष्कर्षाचे पान शेवटी ठेवतो. प्रथम अवशेष कुठे कसे पडले तो नकाशा पाहतो. पंख आणि शेपूट धडाशेजारीच आहेत, की मागे दूर कुठे तरी पडले आहेत. नंतर हवामानाची माहिती वैमानिकापर्यंत किती वाजता आणि कोणाकडून पोहोचली तो परिच्छेद. त्यानंतर त्याच बनावटीच्या विमानाचे आधीचे अहवाल काढून शेजारी ठेवतो.