चेहऱ्याआधी येणारा आवाज

वर्सोव्याला संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेलं, की एखादा तरुण लाटांकडे तोंड करून ओरडताना हमखास दिसतो. कोळीवाड्यातल्या बाया आता वळूनही पाहत नाहीत. त्यांना ठाऊक आहे, हा नट व्हायला आलेला पोरगा आहे आणि 'सत्या'मधला भिकू म्हात्रे पाठ करतो आहे.

माझा भाचाही त्यातलाच. एकदा मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तू नुसता ओरडतोस. भिकू ओरडतो तेव्हा आसपास काय आहे ते बघ."

'सत्या' 1998चा. रामगोपाल वर्मांनी तो केला आणि जेरार्ड हूपर व मझहर कामरान यांनी चित्रित केला. विजयाच्या धुंदीतला भिकू समुद्राकाठी उंच खडकावर उभा राहून शहराचा राजा कोण, असं विचारतो. प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचंच. भोवती अफाट पाणी आणि आभाळ. त्या पसाऱ्यात माणूस केवढासा दिसतो! आवाज मोठा, पण वाऱ्यावर विरून जाणारा. हा राजा फार दिवस टिकणार नाही, हे कुणी सांगत नाही. आपल्याला ते दिसतं आणि ऐकू येतं. मनोज बाजपेयींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याआधी 15 वर्षं, 1983 साली, गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' आला होता. भाषा हिंदी, पण हाडामासाने तो आपलाच. कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची. निहलानी मुळात छायालेखक, व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली तयार झालेले. हा चित्रपटही त्यांनी स्वतःच चित्रित केला.

मी तो कॉलेजात असताना व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. मारामाऱ्या विसरलो, कवितेचा प्रसंग तेवढा राहिला. फौजदार अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी. बापाच्या धाकाने पोलिसात आलेला. साहित्य शिकवणारी ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, कवितेचं पुस्तक त्याच्या हाती देते. तो वाचू लागतो, सुरुवातीला एखादं कागदपत्र वाचावं तसा. मग शब्द जड होत जातात. कविता चक्रव्यूहाची आहे आणि आत अडकलेला आपणच आहोत, हे त्याला वाचता वाचता कळतं. देवीचे व्रण असलेला तो चेहरा हळूहळू उतरतो. गोळी नाही, पाठलाग नाही. स्वतःच्याच आवाजाने माणसाला स्वतःची ओळख पटते.

त्याच्यासमोर रामा शेट्टी. निहलानींनी सदाशिव अमरापूरकरांना 'हँड्स अप' या मराठी नाटकात पाहून निवडलं होतं. शेट्टी कधी फारसा आवाज चढवत नाही. सत्ता ज्याच्या खिशात आहे, त्याला ओरडावं लागत नाही. ओरडतो तो वेलणकर. कायदा कुणाच्या बाजूला आहे, ते नुसत्या आवाजाच्या पट्टीवरून समजतं.

हे सगळं मी भाच्याला समजावत होतो. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मामू, मला एका मालिकेत काम मिळालंय. गुंडाचं. दिग्दर्शकाने सांगितलं, आधी मिनार दिसेल, मग अजान ऐकू येईल, मग सुरमा घातलेला तू. मी तोंड उघडण्याआधीच लोकांना कळणार मी कोण ते. मग मी अभिनय कशाचा करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरभाडं थकलं होतं, त्याने काम केलं.

तो भाग आम्ही सगळे एकत्र बसून बघत होतो. टीव्हीवर अजान सुरू झाली आणि माझ्या बहिणीने सवयीने ओढणी डोक्यावर घेतली. पुढच्याच क्षणी तिचा मुलगा दिसला, हातात पिस्तूल घेतलेला. ती काही बोलली नाही. ओढणी मात्र तशीच धरून बसली.

कॅमेरा आणि ध्वनी माणसाच्या आत शिरू शकतात, तसेच त्याच्या कपाळावर शिक्काही मारू शकतात. वेलणकराला निहलानींनी एक कविता वाचण्याइतका वेळ दिला. भिकूला वर्मांनी अख्खा समुद्र दिला. म्हणून गुन्ह्याच्या पलीकडचा माणूस आपल्याला भेटला. माझ्या भाच्याच्या वाट्याला आली ती काही सेकंदांची अजान, आणि तीही त्याची ओळख करून देण्यासाठी नव्हे, ओळख संपवण्यासाठी.

तो अजूनही संध्याकाळी समुद्रावर जातो. हल्ली ओरडत नाही. कवितेचं एक पुस्तक घेऊन जातो आणि हळू आवाजात वाचतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)