मोडी, तबकडी आणि वाचणारा

मंदसोरच्या तहानंतर १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली. दरबाराच्या चाकरीनिमित्त माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांची दप्तरे मोडीत होती. पुढे शाळा आणि छापखाने बालबोधाचे झाले. कागद उरले, ते वाचणारे मात्र विरळ होत गेले. हेच आज प्रकाशाने वाचल्या जाणाऱ्या तबकडीच्या वाट्याला येत आहे.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडविलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवरील सूक्ष्म खळग्यांवरून लेसरचा किरण फिरतो आणि परावर्तित प्रकाशातील फरकावरून यंत्र माहिती ओळखते. सुई टेकत नसल्याने झीज नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण लागे. १९९६ च्या डीव्हीडीला ६५०, तर २००६ च्या ब्ल्यू-रेला ४०५ नॅनोमीटरचा. तरंगलांबी घटली तसे खळगे लहान झाले आणि साठवण सुमारे ६५० मेगाबाइटवरून ४.७ आणि पुढे २५ गिगाबाइटपर्यंत वाढली. याच काळात, १९८४ मध्ये, इंदुरात लेसर संशोधनाच्या केंद्राची कोनशिला बसली. २००५ मध्ये त्याला राजा रामण्णांचे नाव मिळाले, तरी इंदूरकरांच्या तोंडी ते ‘कॅट’च राहिले.

२००८ मध्ये ॲपलने तबकडीची खाच नसलेला मॅकबुक एअर आणला. इतरांनीही हळूहळू तीच वाट धरली. मग संगणकाबाहेर ठेवण्याच्या सडपातळ ड्राइव्हला महत्त्व आले. एकाच यूएसबी तारेतून तिला वीजही मिळते आणि माहितीची ने-आणही होते. काही नमुने टीव्हीलाही जोडता येतात. मात्र प्रत्येक टीव्ही त्यांना ओळखतोच असे नाही.

तबकडीचा व्यवसायही ओसरला. कोऱ्या तबकड्यांच्या निर्मितीत एके काळी जगात नाव असलेल्या आपल्या मोझर बेअर कंपनीच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये झाला. सोनीने कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ मध्ये थांबविले.

आपल्या घरांतील मुंजी-लग्नांची चित्रणे, वडीलधाऱ्यांचे आवाज, कुलवृत्तांताची टिपणे अशा तबकड्यांवर आहेत. घरी लिहिलेल्या सीडीतील माहिती बहुधा खळग्यांत नसून सेंद्रिय रंगाच्या थरात असते, आणि तो थर ऊन-उष्णतेने विटतो. मोडी आणि तबकडी यांत एक फरक ध्यानी घ्यावा. मोडी कोणीही जिद्दीने पुन्हा शिकू शकतो. लेसरची ड्राइव्ह मात्र घरी घडविता येत नाही. म्हणून अशी एखादी ड्राइव्ह दोन-चार कुटुंबांनी मिळून घ्यावी, प्रत्येक तबकडीच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात आणि त्यांवर माणसांची नावे व साल न विसरता लिहावे. दप्तरांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांना पुढचे दिसले नव्हते. आपल्याला ते दिसत आहे.